वीरधवल चित्रचौकटीत कधी उतरणार?

बर दुबईतल्या अल मनखूल वस्तीत मराठी कुटुंबाच्या शेजारी कोण राहायला येईल याचा नेम नसतो. एका मजल्यावर केरळची माणसे, पलीकडच्या दारात लाहोरची, खालच्या मजल्यावर मनिलाहून नोकरीसाठी आलेली. भाषा वेगळ्या, सण वेगळे, स्वयंपाकघरांतले वास वेगळे. पण या प्रत्येकाच्या मुलखात तलवारीची आणि मंत्रतंत्राची एकेक मोठी गोष्ट आहे. उर्दू वाचणाऱ्यांकडे अमीर हमजाची दास्तान आहे, अरबांकडे सैफ बिन झी यझनची लोककथा आहे, फिलिपिनो वाचकांकडे व्होल्टार नावाचा योद्धा आहे. मराठी घरांत नाथमाधवांची ‘वीरधवल’ कादंबरी आहे आणि ‘चांदोबा’ मासिकाच्या जुन्या अंकांतले मांत्रिक व राक्षस आहेत. एवढे असूनही याच वस्तीतले मूल तलवार-जादूचे कॉमिक्स मागते, तेव्हा त्याच्या हाती बहुधा अमेरिकेचा कॉनन पडतो. तो त्याने जरूर वाचावा. पण कॉननला चित्रांत आणण्यासाठी जी मेहनत झाली, तीच मराठी कथेच्या वाट्याला का आली नाही, हा प्रश्न आता विचारायला हवा.

कॉननचा जन्म टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स या लहानशा गावातला. रॉबर्ट ई. हॉवर्ड हा तरुण तिथे आईवडिलांच्या घरी बसून टंकलेखन यंत्रावर कथा लिहीत असे. त्या छापल्या जात लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त, खरबरीत कागदावरच्या मासिकांत. या कागदावरूनच अशा साहित्याला पल्प म्हणू लागले. १९२३ मध्ये निघालेल्या ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात डिसेंबर १९३२ च्या अंकात कॉननची पहिली कथा आली. मोबदला शब्दावर मिळे, तोही एका सेंटच्या आतबाहेर आणि बऱ्याचदा उशिरा. ११ जून १९३६ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, हॉवर्डने आत्महत्या केली. तेव्हाही मासिकाकडे त्याचे पैसे थकलेले होते. पुढची तीस वर्षे त्याच्या कथा मोजक्या संग्राहकांपुरत्या उरल्या. १९६६ पासून लॅन्सर प्रकाशनाने त्या स्वस्त पुस्तकांच्या रूपात काढल्या आणि फ्रँक फ्राझेटाच्या मुखपृष्ठांनी त्या दुकानाच्या काचेतून थेट वाचकाच्या नजरेत भरल्या.

इथे रॉय थॉमस या संपादक-लेखकाचा प्रवेश होतो. मार्व्हल कॉमिक्सला वाचकांची पत्रे येत होती, त्यांत तलवार-जादूच्या कथांची मागणी होती. थॉमसने आधी लिन कार्टरच्या थाँगॉर या नायकासाठी बोलणी केली. ती रेंगाळली, तेव्हा त्याने हॉवर्डच्या साहित्याचे काम पाहणाऱ्या ग्लेन लॉर्डला पत्र लिहिले. मालकाने अंकामागे दीडशे डॉलरची परवानगी दिली होती. एवढी कमी रक्कम सांगायला संकोच वाटून थॉमसने दोनशे लिहिले, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. हक्कांवर पैसे गेल्यामुळे महागडा चित्रकार परवडेना. जॉन ब्यूसेमाचे नाव मागे पडले आणि इंग्लंडच्या बॅरी स्मिथ या विशीतल्या मुलाला काम मिळाले. ‘कॉनन द बार्बेरियन’चा पहिला अंक ऑक्टोबर १९७० ची तारीख घेऊन बाजारात आला. सुरुवातीचे अंक खपात घसरत गेले, मालिका बंद करण्याचा निर्णयही झाला होता. थॉमसने तो फिरवून घेतला. पुढे ती मालिका १९९३ पर्यंत, २७५ अंक चालली.

थॉमसची खरी कामगिरी कशाची निवड करायची आणि काय सोडायचे हे ठरवण्यात आहे. हॉवर्डने कथा काळाच्या क्रमाने लिहिल्याच नव्हत्या. पहिल्याच कथेत कॉनन मध्यमवयीन राजा आहे, नंतरच्या एका कथेत तो पोरसवदा चोर आहे. कादंबरीच्या वाचकाला ही उडी चालते. दर महिन्याला अंक विकत घेणाऱ्या मुलाला मात्र नायक आपल्याबरोबर मोठा होताना दिसावा लागतो. म्हणून थॉमसने हॉवर्डच्या चाहत्यांनी तयार केलेला कॉननच्या आयुष्याचा आराखडा हाताशी धरला आणि त्याला तरुणपणापासून चालवत नेले. मधल्या रिकाम्या जागा त्याने नव्या कथांनी भरल्या, काही ठिकाणी हॉवर्डच्या दुसऱ्याच नायकांच्या कथा कॉननच्या अंगाला बेतल्या.

‘द टॉवर ऑफ द एलिफंट’ ही कथा या कामासाठी नमुना म्हणून पाहण्यासारखी आहे. मूळ कथा मार्च १९३३ च्या ‘वीअर्ड टेल्स’मधली, चित्ररूप मालिकेच्या चौथ्या अंकात, १९७१ मध्ये आले. यारा या मांत्रिकाच्या मनोऱ्यात एक रत्न आहे, ते चोरायला तरुण कॉनन रात्री भिंत चढतो. वाटेत टॉरस नावाचा नामांकित चोर भेटतो आणि वरच्या दालनातल्या विषारी कोळ्याच्या दंशाने मरतो. आत रत्नाऐवजी एक जिवंत प्राणी दिसतो. हत्तीचे डोके, माणसाचे धड, आंधळे केलेले डोळे, छळाने मोडलेले अवयव. तो दूरच्या ग्रहावरून आलेला यागकोशा. मांत्रिकाने त्याच्याकडून विद्या उकळली आणि त्यालाच कैद करून ठेवले. कॉननला त्याची कीव येते. तो तलवार बाजूला ठेवतो, ऐकून घेतो आणि त्याच्याच विनंतीवरून त्याला मरणाने सोडवतो.

गणपती बसवणाऱ्या घरातला वाचक ही कथा अमेरिकी वाचकापेक्षा वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. गजमुख समोर आल्यावर त्याला भीती आधी वाटत नाही, आदर वाटतो. कथेचा कळसही तिथेच आहे. राक्षस म्हणून पाहिलेले रूप करुणेचे निघते. आता अडचण बघा. कथेत यागकोशा बराच वेळ बोलतो, आपल्या ग्रहाची आणि हजारो वर्षांची हकिगत सांगतो. गद्यात ते बोलणे वाचकाला वाहून नेते. चित्रकथेत तेवढा मजकूर फुग्यांत कोंबला तर चित्र झाकले जाते. सगळा काढला तर यागकोशा एक विचित्र प्राणी एवढाच उरतो. थॉमसने हॉवर्डच्या गद्याचे निवडक तुकडे चौकटीच्या कडेला ठेवले आणि उरलेली करुणा स्मिथच्या रेषेवर सोपवली. हॉवर्डचे शब्द वाचवायचे असतील तर त्यातले बरेचसे गाळावेच लागतात, हे या जोडीला समजले होते.

दुसरा नमुना रेड सोन्याचा. हॉवर्डची मूळ सोन्या कॉननच्या जगातली नव्हेच. जानेवारी १९३४ च्या ‘मॅजिक कार्पेट’ मासिकातल्या ऐतिहासिक कथेत ती १५२९ च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात तुर्कांशी लढते, कमरेला पिस्तुले लावून. थॉमसने तिला १९७३ मध्ये, मालिकेच्या तेविसाव्या अंकात, थेट कॉननच्या काल्पनिक प्राचीन युगात आणून उभे केले. इतिहासाचा काळ गेला, बंदूक गेली. लाल केस, तलवार आणि ताठ कणा राहिला. ती इतकी रुजली की पुढे तिची स्वतंत्र मालिका निघाली. १९७४ पासून मात्र तिच्या अंगावर लोखंडी कड्यांचे तोकडे वस्त्र चढले आणि तेच तिची ओळख होऊन बसले. व्हिएन्नाच्या तटावर लढलेल्या त्या बाईवर हा अन्याय झाला. रूपांतराने पात्राला आयुष्य दिले आणि त्याच हाताने त्याची प्रतिष्ठा कमी केली, असे साफ म्हटले पाहिजे.

अल मनखूलच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा भाग आता येतो. ऑगस्ट १९७४ मध्ये मार्व्हलने ‘द सॅव्हेज स्वोर्ड ऑफ कॉनन’ हे मोठ्या आकाराचे कृष्णधवल मासिक काढले. रंगीत कॉमिक्सवर तेव्हा कॉमिक्स कोड या आचारसंहितेची बंधने होती, मासिकाला ती लागू नव्हती. प्रौढ वाचकासाठी लांब कथा पूर्ण ताकदीने सांगता येऊ लागल्या. १९९५ पर्यंत त्याचे २३५ अंक निघाले. या मासिकाच्या देखणेपणात अल्फ्रेडो अल्काला, टोनी डिझुनिगा आणि अर्नी चॅन या फिलिपिनो चित्रकारांचा मोठा वाटा आहे. ब्यूसेमाच्या पेन्सिलीवर अल्कालाने शाई फिरवली की दगडाला खरखरीतपणा येई, धुराला वजन येई. हे कसब त्याने न्यूयॉर्कला येऊन शिकले नव्हते. मनिलाच्या कॉमिक्समध्ये त्याने १९६३ मध्येच ‘व्होल्टार’ ही स्वतःची तलवारबाज योद्ध्याची मालिका काढली होती, म्हणजे मार्व्हलच्या कॉननच्या सात वर्षे आधी. आपल्या भाषेत, आपल्या वाचकासाठी असे काम आधी झाले असले की पुढे जग ते मागायला येते, याचा हा ठळक पुरावा.

नुसते चांगले साहित्य हाती असले म्हणून भागत नाही, हेही त्याच काळात दिसले. फ्रिट्झ लायबर या लेखकाने १९६१ मध्ये या साहित्यप्रकाराला त्याचे आजचे इंग्रजी नाव दिले. फाफर्ड आणि ग्रे माउसर ही त्याची जोडी हॉवर्डच्या नायकापेक्षा कितीतरी चतुर आणि बोलकी. डीसी या दुसऱ्या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनाने १९७३ मध्ये या जोडीवर मालिका काढली, डेनी ओनीलसारखा लेखक आणि हॉवर्ड चायकिनसारखा चित्रकार घेतला. पाच अंकांत ती बंद पडली. लायबरची गंमत संवादात आणि कथनाच्या सुरात आहे, ती द्वैमासिकाच्या थोड्या पानांत बसेना.

भारतीय वाचकाला हॉवर्डचा आणखी एक हिशेब मांडावा लागतो. ‘द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल’ ही त्याची लांब कथा १९३४ मध्ये तीन अंकांतून आली. ती ज्या वेंध्या देशात सुरू होते तो उघडच भारत आहे. राजधानीचे नाव अयोध्या, राजघराणे क्षत्रिय, नायिका देवी यास्मिना. ‘सॅव्हेज स्वोर्ड’मध्ये ब्यूसेमा आणि अल्काला यांनी ती चार अंकांत रंगवली. यास्मिना ही हॉवर्डच्या उत्तम स्त्रीपात्रांपैकी एक आहे, कारण तिच्यापुढे राज्य आणि प्रेम यांतली निवड आहे आणि ती राज्य निवडते. दुसऱ्या बाजूला ‘शॅडोज इन झाम्बूला’मध्ये हनुमानाचे देऊळ दुष्टांचे ठाणे म्हणून येते आणि काळ्या वर्णाच्या माणसांना नरभक्षक ठरवले जाते. हॉवर्ड कधी टेक्सासपासून फार दूर गेला नाही. पूर्वेकडचे जग त्याने साहसकथांतून उचलले आणि त्या काळचा वंशद्वेषही सोबत घेतला. मराठीत त्याची कथा कोणी आणली तर हे भाग जसेच्या तसे आणू नयेत. ते बदलण्याचे स्वातंत्र्य रूपांतरकाराला आहे आणि जबाबदारीही.

तलवार-जादूची गोष्ट चित्रांतून सांगण्याची रीत मार्व्हलपासून सुरू झाली असे मानणे आपल्या भूमीवर अन्यायाचे ठरेल. अकबराने १५६२ च्या सुमारास हमजानाम्याची चित्रे करवून घ्यायला सुरुवात केली. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली सुमारे पंधरा वर्षांत मोठमोठ्या कापडी पानांवर चौदाशे चित्रे झाली. त्यांत राक्षस, अजगर, जादूगार आणि अय्यार, म्हणजे वेषपालटू हेर, आहेत. मजकूर मागच्या बाजूला, म्हणजे चित्र समोर धरून कथा ऐकवता यावी. आज त्यातली थोडीच उरली आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली काही पाने १८८१ मध्ये काश्मीरमध्ये सापडली, तेव्हा ती खिडक्या झाकायला वापरलेली होती. त्याच दास्तानीचे लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून सेहेचाळीस जाडजूड खंड काढले. देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’ या हिंदी कादंबरीतले तिलिस्म, म्हणजे जादूचे भूलभुलैये, आणि अय्यार याच परंपरेतून आले.

महाराष्ट्रात तर ही कला अजून जिवंत आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाचे कलावंत सुट्या चित्रांची पोथी मांडीवर घेतात, एकेक चित्र उलगडतात आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातले प्रसंग गातात. एका प्रसंगाला एक चित्र, चित्र बदलले की सूर बदलतो. परशुराम गंगावणे यांना या चित्रकथीसाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्र किती वेळ समोर ठेवायचे आणि कोणत्या क्षणी पालटायचे, हे कॉमिक्स लेखकाला पडणारे कोडे या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या सोडवलेले आहे.

मग मराठीत कथा नव्हत्या काय? भरपूर होत्या. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेले ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ हे भाषांतर मराठी घरांतून शतकभर वाचले गेले. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये आली आणि समीक्षेचा कल वास्तवाकडे वळला. अद्भुतरम्य कादंबरीला तेव्हापासून बालिश म्हणून बाजूला सारले गेले. वाचकांनी हा निकाल मानला नाही. शिकारीत कड्यावरून पडून अंथरुणाला खिळलेल्या द्वारकानाथ माधव पितळे यांनी, म्हणजे नाथमाधवांनी, १९१३ मध्ये ‘वीरधवल’ लिहिली आणि ती पुन्हा पुन्हा छापली गेली. १९५२ पासून ‘चांदोबा’ मराठीत येऊ लागला. त्यातल्या दासरी सुब्रह्मण्यम यांच्या क्रमशः कथा, ज्या त्यांनी १९५४ पासून सुमारे पाव शतक मूळ तेलुगूत लिहिल्या, अस्सल तलवार-जादूच्या आहेत. तरुण वीर, दुष्ट मांत्रिक, पाताळातले किल्ले, उडते राक्षस आणि ‘चित्रा’ या सहीची रेखाटने. पण ती चित्रे मजकुराच्या वर बसवलेली असत. कथा पुढे न्यायचे काम शब्दच करत.

चित्रकारही होते. अमर चित्रकथेसाठी राम वाईरकर आणि पुण्याचे प्रताप मुळीक यांनी केलेले काम देशभर पोचले. मुळीकांनी १९८६ पासून दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी नागराज रंगवला, त्याच प्रकाशनाने पुढे भोकाल हा हिंदीतला तलवारबाज नायक मोठा केला. म्हणजे मराठी हात हिंदी नायकाला देह देत होते. मुंबईहून टाइम्स ऑफ इंडिया १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स काढत होते, मराठीतही. वेताळ आणि मँड्रेक त्यामुळे घरचे झाले. या अंकांत संपादनाची कात्री भरपूर चाले. वृत्तपत्री पट्ट्यांच्या चौकटी कापून नव्याने जुळवल्या जात, वेताळाच्या देशाचे नाव बंगालसारखे वाटते म्हणून डेंकाली केले गेले. रूपांतराची जाण मुंबईत होती, ती परदेशी मालापुरती वापरली गेली. १९९० मध्ये इंद्रजाल बंद झाले.

म्हणून दोष कथाकारांना देता येत नाही, चित्रकारांना तर नाहीच. मराठीत थॉमस नव्हता. जुनी कादंबरी वाचून तिच्यातले कोणते प्रकरण चित्र मागते हे ओळखणारा, लेखकाच्या वारसांना पत्र लिहिणारा, स्वस्तात काम करायला तयार असलेला गुणी मुलगा शोधणारा आणि खप घसरल्यावर मालकाशी भांडणारा माणूस नव्हता. नारायण धारपांच्या कथांचे काय झाले ते पाहा. भय आणि अद्भुताचे एवढे मोठे दालन त्यांनी एकट्याने उभे केले. त्यांच्या ‘आजी’ या कथेचा धागा राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने २०१८ मध्ये पडद्यावर आणला. हस्तर हा शापित देव, वाडा आणि कोकणातला पाऊस पाहून देशभरचे प्रेक्षक थक्क झाले. मराठी पल्पमध्ये चित्राची केवढी ताकद दडलेली आहे याचा याहून मोठा दाखला नको.

आणि दुबईत हे होऊ शकते का? एक उदाहरण तिथलेच आहे. कैस सिदकी या अमिराती लेखकाने दुबईत पेजफ्लिप प्रकाशन काढले आणि २००९ मध्ये ‘सिवार अल-धहब’ ही ससाणे पाळण्याच्या परंपरेवरची चित्रकथा अरबीत आणली. अमिराती मुलांनी अरबी आवडीने वाचावे हा त्याचा उद्देश होता. चित्रांसाठी त्याने ‘झेल्डा’ या व्हिडिओ गेमवरच्या मांगासाठी, म्हणजे जपानी कॉमिक्ससाठी, प्रसिद्ध असलेल्या अकिरा हिमेकावा या जपानी जोडीला गाठले. पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाला बालसाहित्यासाठी शेख झायेद ग्रंथ पुरस्कार मिळाला. मूळ संस्कृती आपली, हात परक्याचा, संपादकाची नजर स्पष्ट. तिथल्या मराठी मुलांपुढेही प्रश्न तोच आहे. ती शाळेत इंग्रजी आणि अरबी शिकतात, मराठी बोलतात, पण मराठी वाचायला त्यांच्याकडे कारण उरत नाही. आजीने सांगितलेल्या मांत्रिकाची गोष्ट चौकटींत समोर आली तर ते कारण मिळेल.

कायद्याची अडचण फारशी नाही. नाथमाधव १९२८ मध्ये गेले, हळबे आणि रिसबूड त्याहून कितीतरी आधीचे. या कादंबऱ्यांच्या कॉपीराइटची मुदत केव्हाच संपली आहे. हॉवर्डच्या हयातीत छापलेल्या कथाही भारतात मोकळ्या आहेत, कॉननच्या नावाचा व्यापारचिन्ह म्हणून विचार तेवढा स्वतंत्र करावा लागेल. धारप २००८ मध्ये आणि दासरी २०१० मध्ये गेले, त्यांच्या कथांसाठी रीतसर परवानगी घ्यावी लागेल. ग्लेन लॉर्डला थॉमसने लिहिले तसे एक पत्र तिथे लिहावे लागेल, एवढेच.

सुरुवात मोठ्या खर्चाने करण्याची गरज नाही. दिवाळी अंक हे मराठीचे हुकमी व्यासपीठ आहे, आणि १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची ही परंपरा परदेशातल्या मराठी घरांतही पोचलेली आहे. एखाद्या अंकाने ‘वीरधवल’मधले एकच प्रकरण घ्यावे, त्याला चोवीस कृष्णधवल पाने द्यावीत, मजकूर निम्म्याहून अधिक गाळण्याची मुभा लेखकाला द्यावी आणि काम पुण्या-मुंबईतल्या एखाद्या तरुण चित्रकाराकडे सोपवावे. पिंगुळीच्या कलावंतांशी आधी चार दिवस बोलावे. परदेशातल्या मराठी मंडळांनी प्रतींची मागणी आगाऊ नोंदवावी, म्हणजे प्रकाशकाला धीर येईल. यंदाच्या दिवाळी अंकांची आखणी करणाऱ्या संपादकांनी ही चोवीस पाने राखून ठेवावीत.